चौकटीबाहेरचें चित्र

ज्या घरांतलें एकही माणूस परगांवीं किंवा परदेशीं नाहीं असें सुशिक्षित मराठी घर सांप्रत शोधूनच काढावें लागेल. मुलगा-सून अमेरिकेंत, मुलगी-जांवई बंगळूरास, आणि वडील मंडळी पुण्यास नाहीं तर साताऱ्यास, अशी वांटणी बहुतेक ठिकाणीं झालेली आहे. रविवारची सकाळ झाली कीं आजोबा-आजी, काका-काकू आणि चुलत भावंडें तळहाताएवढ्या कांचेभोवतीं जमतात आणि सातासमुद्रांपलीकडचा नातू कसा रांगतो तें पाहतात. या सोयीचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत. तें चित्र इतक्या दुरून येतें कसें, याची चौकशी करणारे मात्र थोडे. चित्र येतें हें आश्चर्य आहेच. पण त्याहून मोठें आश्चर्य असें कीं, जेवढें चित्र आपण पाहतों त्याचा फारच थोडा अंश वस्तुतः पाठविलेला असतो. उरलेलें चित्र आपल्या हातांतील यंत्र जुन्या चित्रांच्या आधारें अनुमानानें रचून घेतें. हें अनुमान चालतें कसें, चित्राच्या कांठाशीं आल्यावर तें अडतें कां, आणि ती अडचण शास्त्रज्ञांनीं कशी दूर केली, याची हकीकत प्रस्तुत लेखांत सांगावयाची आहे. विषय यंत्रशास्त्रांतला असला, तरी त्यास साध्या गुणाकार-भागाकारापलीकडचें गणित लागत नाहीं. तेव्हां घरांतील लहानथोर सर्वांनीं तो वाचण्यास हरकत नाहीं.

ठिपक्यांचा हिशेब

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या भगिनींस पडद्यावरील चित्राची रचना समजावून सांगणें अगदीं सोपें आहे. असें प्रत्येक चित्र म्हणजे ठिपक्यांच्या ओळींखालीं ओळी. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. उत्तम प्रतीचें म्हणून जें दृश्य हल्लीं घरोघरीं पाहतात, त्यांत एका आडव्या ओळींत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी असतात. म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिण्यास तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आंकडे लागतात, आणि प्रत्येक आंकडा एका बाइटांत, म्हणजे आठ बिटांत, मावतो. ‘बिट’ म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढीच खूण. चित्र हलतें भासावें म्हणून अशीं २५ चित्रें एका सेकंदांत दाखवावीं लागतात. गुणाकार केला म्हणजे सेकंदास १५,५५,२०,००० बाइट, अर्थात् सुमारें १२४ कोटी बिट होतात. तासाभराचें दृश्य जसेंच्या तसें सांठवावयाचें म्हटलें, तर सुमारें ५६ हजार कोटी बाइट लागतील. साध्या डीव्हीडी तबकड्या घेतल्यास त्या ११९ च्या वर भराव्या लागतील.

दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें मांडला, तेव्हां ही अडचण नव्हती. फितीवर प्रत्येक चित्र समग्र छापलेलें असे, आणि फितीचा डबा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेला कीं काम भागत असे. परंतु तार, प्रकाशतंतु आणि हवेंतील लहरी यांचा मार्ग अरुंद, आणि त्यावरून जाणारे असंख्य. तेथें एकेका घरास सेकंदाला १२४ कोटी बिट पुरविणें व्यवहार्य नाहीं. प्रत्यक्षांत त्याच प्रतीचें दृश्य सेकंदास सुमारें ५० लाख बिटांत आपल्यापर्यंत पोंचतें. म्हणजे अडीचशें भागांपैकीं एक भाग पाठवावयाचा आणि बाकीचे दोनशें एकूणपन्नास भाग घरच्या घरीं तयार करावयाचे! चतुर गृहिणीनेंही तोंडांत बोट घालावें अशी ही काटकसर आहे.

दोन प्रकारची काटकसर

ही काटकसर दोन प्रकारची असते. पहिली एकाच चित्राच्या पोटांतली. आकाश, भिंत किंवा जमीन यांचे शेजारशेजारचे ठिपके बहुधा सारखे असतात. प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणें लिहीत बसण्याचें कारण नाहीं. या बाबतींत भारतांत जन्मलेल्या एका गृहस्थाचें ऋण सर्व जगावर आहे. बंगळूर येथें १९४० सालीं जन्मलेले नासिर अहमद यांनीं टी. नटराजन् आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं एक गणिती रीत प्रसिद्ध केली. ठिपक्यांच्या समूहांतील सावकाश बदलणाऱ्या छटा आणि झपाट्यानें बदलणाऱ्या छटा यांचें ती पृथक्करण करते. मग डोळ्यांस न जाणवणारा सूक्ष्म भाग गाळून टाकतां येतो. १९७२ सालीं याच संशोधनासाठीं त्यांनीं अमेरिकेंतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे द्रव्यसाहाय्य मागितलें असतां तें मिळालें नव्हतें. आज फोनमध्यें सांठविलेल्या बहुतेक सर्व छायाचित्रांत आणि व्हिडिओंत ती रीत किंवा तिची भावंडें काम करीत असतात.

दुसरी काटकसर एका चित्राची दुसऱ्या चित्राशीं तुलना करून साधावयाची, आणि खरी मोठी बचत होते ती येथेंच. सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यांत जगांत असा काय मोठा फरक पडणार? भिंत तीच, भिंतीवरचें घड्याळ तेंच, आजीची खुर्ची तीच. हललें असेल तर रांगणारें मूल बोटभर पुढें सरकलें असेल. मग सगळें चित्र पुनः पाठविण्याऐवजीं ‘मागच्या चित्रांतला अमुक तुकडा इतका सरकवून येथें ठेव’ एवढाच निरोप पाठविला तर?

तेंच केलें जातें. नव्या चित्राचे १६ ठिपके लांब व १६ ठिपके रुंद असे चौकोन पाडतात. पाठविणारें यंत्र प्रत्येक चौकोन घेऊन मागच्या चित्रांत त्याच्याशीं जुळणारा तुकडा हुडकतें. ज्या चित्रांत हा शोध चालतो त्यास आपण आधारचित्र म्हणूं. तुकडा सांपडला म्हणजे तो किती आडवा आणि किती उभा सरकला, हे दोन आंकडे पाठवावयाचे; त्यास ‘सरक’ म्हणूं. तुकडा तंतोतंत जुळत नसेल, तर जो थोडा फरक उरतो तो ‘बाकी’ म्हणून सोबत पाठवावयाचा. घेणाऱ्या यंत्रापाशीं मागचें चित्र आधींच असतें. तें सरकेप्रमाणें तुकडा उचलतें, बाकी मिळवितें आणि चौकोन पुरा करतें. अनुमान जितकें चांगलें तितकी बाकी लहान, आणि बाकी जितकी लहान तितके बिट कमी. सगळ्या विद्येचें सार एवढेंच आहे.

कांठाशीं आल्यावर

येथपर्यंत सर्व सुरळीत चाललें. पण चित्रास चौकट असते, आणि चौकटीबाहेरचें जग कॅमेऱ्यानें टिपलेलें नसतें. अडचण उभी राहते ती या ठिकाणीं.

फोन हातांत धरणाऱ्याचा हात डावीकडे थोडासा वळला, असें समजूं. त्यामुळें सगळें दृश्य नव्या चित्रांत पांच ठिपके उजवीकडे सरकलें. मध्यावरच्या चौकोनांस त्याचें कांहींच वाटत नाहीं. त्यांचे जुळे तुकडे मागच्या चित्रांत पांच ठिपके डावीकडे जशाच्या तसे आहेत. परंतु अगदीं डाव्या कांठाशीं असलेल्या चौकोनाचें काय? त्याच्या १६ उभ्या रांगांपैकीं ११ रांगा मागच्या चित्रांत आहेत; उरलेल्या ५ रांगा मात्र तेव्हां चौकटीच्या बाहेर होत्या. त्यांचा कोठें मागमूस नाहीं.

दूरध्वनीच्या तारांवरून चित्रसंभाषण करतां यावें म्हणून १९९० च्या सुमारास एच.२६१ या नांवाचें मानक आंतरराष्ट्रीय संमतीनें ठरलें. त्यांतला नियम कडक होता: जो तुकडा उचलावयाचा तो सर्वस्वीं चौकटीच्या आंतला असला पाहिजे. पुढें १९९३ सालीं आलेलें एमपेग-१ आणि त्यामागून आलेलें एमपेग-२ यांतही चौकटीबाहेर पाऊल टाकण्यास मनाई होती. नियम दिसावयास शहाणपणाचा. जें नाहीं तें उचलणार कसें? पण त्याचा परिणाम पाहा. आपल्या चौकोनाच्या ११ रांगा, म्हणजे २५६ ठिपक्यांपैकीं १७६ ठिपके, मागच्या चित्रांत बिनचूक उपलब्ध असतांही ते घेतां येत नाहींत. कारण त्यांच्यासह उरलेल्या ८० ठिपक्यांसाठीं चौकटीबाहेर जावें लागतें. मग यंत्र निरुपायानें कोठला तरी न जुळणारा तुकडा उचलतें, किंवा तो चौकोन पहिल्यापासून नवा लिहून काढतें. पंक्तींतलीं पांच पात्रें रिकामीं आहेत म्हणून अकरा पाहुण्यांसही उपाशी परत पाठवावें, तशांतलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, कांठाचे चौकोन असे असून किती असणार? याचें उत्तर चित्राच्या आकारावर अवलंबून आहे. १९२० ठिपक्यांच्या मोठ्या चित्रांत ८,१६० चौकोन पडतात व त्यांपैकीं कांठाचे ३७२ असतात. म्हणजे शेंकडा साडेचार. परंतु चित्रसंभाषणाच्या त्या आरंभींच्या काळांत तारेवरून जाऊं शकणारें चित्र १७६ ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच, एवढेंच असे. त्यांत सारे मिळून ९९ चौकोन, आणि त्यांपैकीं कांठाचे किती? ३६! एक तृतीयांशाहून अधिक चित्र कांठालाच लागून. लहान घराला अंगणापेक्षां कुंपणच जास्त, तशी ही स्थिति. त्यांतून कॅमेरा हातांत धरलेला असला कीं हात कांपतो, आणि चित्र चारी दिशांस सारखें सरकत राहतें. तेव्हां ज्यांच्यापाशीं मार्ग सर्वांत अरुंद, त्यांच्याच चित्रांत कांठाची नासाडी सर्वांत अधिक होत होती.

कांठ वाढविण्याची युक्ति

यावर जी युक्ति निघाली ती इतकी साधी आहे कीं, ऐकून हंसूं यावें. १९९६ सालीं मंजूर झालेल्या एच.२६३ या मानकाच्या एका परिशिष्टांत ती सांगितली आहे. आधारचित्राच्या कांठावरचा जो ठिपका, तोच चौकटीबाहेरही पुढें चालूं आहे असें समजावयाचें. डाव्या कांठावर निळें आकाश असेल तर कांठाच्या डावीकडेही तेंच निळें आकाश; खालच्या कांठावर हिरवी शेतजमीन असेल तर त्याखालींही तीच हिरवी जमीन; आणि कोपऱ्याच्या बाहेरील भागास कोपऱ्यावरच्या ठिपक्याचा रंग. साडीचा कांठ जसा विणत जावा तसें चित्र चारी बाजूंनीं मनांतल्या मनांत वाढवावयाचें. एवढें केलें कीं सरकेस मोकळीक मिळते. यंत्र निर्धास्तपणें म्हणूं शकतें, ‘पांच ठिपके बाहेरून तुकडा उचल.’ त्या तुकड्यांतील १७६ ठिपके खरे, आणि ८० ठिपके मानलेले.

हे ८० ठिपके बरोबर येतील याची खात्री काय? खात्री मुळींच नाहीं. कांठाबाहेर भिंत असेल तर ते जवळजवळ बरोबर येतील. रांगणारें मूल असेल तर साफ चुकतील. चौकड्यांचें लुगडें वाळत घातलेलें असेल तर आडवे पट्टे ओढल्यासारखे दिसतील. पण निसर्गांत शेजारीशेजारी असलेल्या वस्तूंचे रंग एकाएकीं बदलत नाहींत, या अनुभवावर भरंवसा ठेवला म्हणजे अनुमान पुष्कळदां जमून जातें. न जमल्यास बाकी मोठी होते, एवढेंच. आणि पाठविणाऱ्या यंत्रावर बाहेर जाण्याची सक्ती थोडीच आहे? तें आंतला तुकडा, बाहेरचा तुकडा आणि नवें लेखन यांची तुलना करतें आणि जें स्वस्त पडेल तें पत्करतें. म्हणून या युक्तीनें झाला तर फायदाच होतो. नुकसानीची भीति जवळजवळ नाहीं.

मुख्य मौज तर पुढेंच आहे. चित्राचा हा वाढविलेला कांठ पाठविण्यास किती बिट लागतात? एकही नाहीं. घेणाऱ्या यंत्रापाशीं आधारचित्र असतेंच. कांठ वाढविण्याचा नियम त्यास ठाऊक असतोच. तें आपल्यापुरता कांठ आपणच वाढवून घेतें. खर्च पडतो तो फक्त थोड्या स्मृतीचा आणि थोड्या श्रमाचा. या कारणानें पुढील सर्व मानकांनीं ही रीत उचलली. १९९९ सालच्या एमपेग-४ मध्यें ती आली. इतकेंच नव्हे, तर चौकोनी नसलेल्या, वाटेल त्या आकाराच्या आकृतीचा कांठही बाहेर वाढविण्याचे नियम त्या मानकानें घालून दिले. २००३ सालच्या एच.२६४ मध्यें तर ती परिशिष्टांत न राहतां मूळ रचनेचाच भाग झाली.

दोहों टोकांस एकच अनुमान

येथें एका तत्त्वाचा विचार करणें अवश्य आहे. न्यायशास्त्राची ओळख असलेल्या वाचकांस पर्वतावरील धूर आणि त्यावरून अनुमित अग्नि हें उदाहरण परिचित असेल. तेथें अनुमानाची किंमत तें खरें आहे कीं नाहीं यावर ठरते. पर्वतावर अग्नि नसेल तर अनुमान फुकट. आपल्या यंत्रांचा न्याय निराळा आहे. येथें अनुमान चुकलें तरी चालतें; मात्र पाठविणाऱ्याचें आणि घेणाऱ्याचें अनुमान एकच असलें पाहिजे.

कारण उघड आहे. पाठविणारें यंत्र बाकी काढतें ती स्वतःच्या अनुमानांतून. कांठाबाहेर निळें आकाश आहे असें मानून, प्रत्यक्षांत तेथें झाड निघालें, तर ‘आकाश वजा, झाड अधिक’ अशी बाकी तें पाठवितें. घेणाऱ्यानेंही आकाशच मानलें असेल तर बाकी मिळवितांच झाड बिनचूक उभें राहतें. पण त्यानें आपल्या हुशारीनें तेथें आधींच झाड मानलें असेल, तर झाडावर झाडाची दुरुस्ती चढून भलताच प्रकार दिसूं लागेल. म्हणजे ज्यानें अधिक बरोबर अनुमान केलें त्याचेंच चित्र बिघडलें! शिवाय बिघाड तेथेंच थांबत नाहीं. बिघडलेलें चित्र पुढच्या चित्राचें आधारचित्र होतें, तें त्याच्या पुढच्याचें, आणि एखादें स्वयंपूर्ण चित्र नव्यानें येईपर्यंत चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. एकत्र कुटुंबांत हिशेबाची वही एकाच पद्धतीनें लिहिली पाहिजे. थोरल्यानें एका रीतीनें आणि धाकट्यानें त्याहून चांगल्या पण वेगळ्या रीतीनें लिहिली, तर दोघेही प्रामाणिक असून ताळा जुळत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार.

म्हणून अशा बाबतींत मानकाचें महत्त्व. १८६५ सालीं स्थापन झालेला आणि जिनीव्हा येथें मुख्य कचेरी असलेला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, तसेच मानकें ठरविणाऱ्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था, यांच्या सभांतून निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ जमतात आणि घेणाऱ्या यंत्रानें काय करावें तें शेवटच्या ठिपक्यापर्यंत ठरवितात. पाठविणाऱ्यानें उत्तम तुकडा कसा हुडकावा याची मात्र मोकळीक ठेवतात; तेथें ज्याची त्याची बुद्धि. साताऱ्यांतील फोन आणि अमेरिकेंतील फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असूनही एकमेकांची भाषा समजतात, याचें श्रेय या नीरस भासणाऱ्या कागदांस आहे.

जुनीं दप्तरें उघडावयाचीं

चित्र चारी दिशांस वाढविलें. पण त्यास आणखी एक दिशा आहे, ती म्हणजे काळाची. आधार म्हणून लगतचेंच मागचें चित्र कां घ्यावें? आजी घड्याळासमोरून चालत गेली. क्षणभर घड्याळ झांकलें. पुनः दिसूं लागलें तेव्हां लगतच्या चित्रांत तें नाहीं, परंतु दोन सेकंदांपूर्वींच्या चित्रांत आहे. तें जुनें चित्र टाकून न देतां जपून ठेवलें असतें तर घड्याळ पुनः काढावें लागलें नसतें. थॉमस वीगांड, शियाओझेंग झांग आणि बर्न्ड गिरोड यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दीर्घ स्मृतीच्या या कल्पनेचा व्यवस्थित विचार केला. २००० सालीं एच.२६३ च्या नव्या परिशिष्टांत ती आली, आणि एच.२६४ मध्यें तर सोळापर्यंत जुनीं चित्रें आधारासाठीं ठेवण्याची सोय झाली. मुलाखतींत कॅमेरा आलटून पालटून दोन माणसांकडे वळतो, तेथें ही सोय फार उपयोगी पडते. अर्थात् जुनीं दप्तरें सांभाळावयाचीं म्हणजे जागा लागते आणि त्यांत शोध घ्यावयाचा म्हणजे वेळ लागतो. म्हणून किती ठेवावीं यास मर्यादा घालावीच लागते.

पुढें या दोन कल्पना एकमेकींस मिळाल्या. सभोंवारचें सर्व दृश्य टिपणारे कॅमेरे आतां निघाले आहेत. त्यांचें चित्र शाळेंतील जगाच्या नकाशासारखें असतें: डाव्या कांठास जें तुटतें तेंच उजव्या कांठास पुढें चालूं होतें. अशा चित्राचा डावा कांठ तोच रंग ओढून वाढविण्याचें कारणच नाहीं. कांठाबाहेरचें खरें दृश्य दुसऱ्या टोकास तयार आहे. २०२० सालीं मंजूर झालेल्या व्हीव्हीसी या मानकांत, कांठ ओलांडला कीं दुसऱ्या बाजूनें तुकडा घ्यावा, अशी सोय आहे.

साध्या चित्रांसाठींही अधिक सूक्ष्म उपाय शोधले जात आहेत. व्हीव्हीसीच्या पलीकडे काय, याचा अभ्यास करण्यासाठीं २०२१ पासून तज्ज्ञांनीं जी प्रायोगिक रचना चालविली आहे, तींतील एक उपाय असा: आधारचित्राच्या कांठाबाहेर काय होतें हें आधारचित्र सांगूं शकत नाहीं, पण त्याच्याही मागच्या चित्रांत तो भाग चौकटीच्या आंत असूं शकेल. कांठाशीं असलेला चौकोन त्या जुन्या चित्रांतल्या कोणत्या जागेवरून आला याची सरक दोन्ही यंत्रांपाशीं आधींच नोंदलेली आहे. त्या जागेपलीकडे जुन्या चित्रांत जें कांहीं दिसत होतें, तेंच आणून कांठाबाहेर जोडावयाचें. कोरा रंग ओढण्याऐवजीं खरी आठवण जोडली जाते. आणि मौज अशी कीं यासाठींही वेगळा बिट पाठवावा लागत नाहीं. बाप सांगूं शकत नाहीं तें आजोबांस विचारावें, अशी ही परंपरा आहे.

एवढ्याशा बचतीचा उपयोग काय?

कांठ वाढविण्याच्या या नव्या रीतींनीं होणारी बचत एकेकटी पाहिली तर अल्प असते. मोठ्या चित्रांत कांठच थोडा, तेव्हां बचतही थोडी. मग बुद्धिमान माणसांनीं त्यासाठीं वर्षेंच्या वर्षें कां घालवावीं? याचें उत्तर बेरजेंत आहे. एमपेग-२ ला जेवढे बिट लागत, त्याच्या सुमारें निम्म्यांत एच.२६४ नें तसेंच चित्र दिलें. २०१३ सालच्या एचईव्हीसीनें तेही सुमारें निम्मे केले. आणि व्हीव्हीसीनें पुनः जवळजवळ तेंच केलें. या प्रत्येक निम्म्यामागें एखादाच मोठा शोध नसून लहान लहान युक्त्यांची मोठी पंगत आहे. थेंबे थेंबे तळें सांचतें म्हणतात, तें येथें अक्षरशः खरें आहे.

आणि हें तळें कोणाच्या कामास येतें? मार्च २०२० मध्यें साथीमुळें सारें जग घरांत बसलें, तेव्हां दळणवळणाचीं जाळीं तुंबण्याची भीति उत्पन्न झाली. यूरोपांत चित्रपट पुरविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं बिटांचा पुरवठा कमी केला. भारतांतही फोनच्या जाळ्यावर ४८० ओळींहून बारीक चित्र कांहीं काळ न पाठविण्याचें अशा कंपन्यांनीं ठरविलें. त्याच वर्षीं मुलांच्या शाळा फोनवर आल्या आणि ई-संजीवनीसारख्या सरकारी सेवेंतून डॉक्टर रोग्यास दुरून पाहूं लागले. ज्यांच्या घरीं प्रकाशतंतु आलेला आहे त्यांचें चित्र फार तर किंचित् अस्पष्ट झालें असेल. परंतु डोंगराआडच्या वाडींत, जेथें मनोऱ्याची लहर कशीबशी पोंचते, तेथें थोड्याशा बिटांवरून मुलास फळा दिसला कीं नाहीं याचा निकाल लागतो. मार्ग अरुंद असला म्हणजे चित्र लहान करावें लागतें. चित्र लहान झालें म्हणजे त्यांत कांठाचा वांटा वाढतो. म्हणून कांठाची काटकसर सर्वांत अधिक उपयोगी पडते ती ज्याच्यापाशीं सर्वांत थोडें आहे त्यासच. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नव्या मानकाचें चित्र जुन्या यंत्रास कळत नाहीं. आणि अनुमान जितकें सूक्ष्म, तितकें यंत्रास श्रम अधिक व विजेचा खर्च अधिक. यांतील पुष्कळ युक्त्यांवर पेटंटाचे हक्क आहेत आणि त्यांचें मूल्य अखेर गिऱ्हाइकाच्या खिशांतूनच जातें. या हक्कांच्या कटकटींतून मोकळें होण्यासाठीं कांहीं कंपन्यांनीं २०१५ सालीं एकत्र येऊन २०१८ सालीं एव्ही-१ नांवाची, हक्काचें मूल्य न मागणारी रचना प्रसिद्ध केली. तींतही आधारचित्राचा कांठ वाढविण्याची रीत आहेच. मालक बदलले, नांवें बदललीं, तरी ही साधी युक्ति कोणास सोडतां आलेली नाहीं.

असो. चित्रास चौकट ही असणारच, आणि चौकटीबाहेरचें जग कॅमेऱ्यास दिसावयाचें नाहीं. परंतु कांठाशीं येऊन हताश न होतां, जवळ असलेल्या वस्तूवरून पलीकडच्याचा अंदाज करावा, तो दोघांनीं मिळून एकच करावा, आणि चुकला तर निमूटपणें बाकी चुकती करून पुढें चालावें, ही रीत यंत्रांस माणसांनीं शिकविली. यंत्रें ती सेकंदांतून पंचवीस वेळां, न कंटाळतां, पाळीत असतात. तीच व्यवहारांत पाळणें माणसांस मात्र अजून पुरतेपणीं साधलेलें नाहीं.